पुलापलीकडे अर्धा तास

नामोंडोने एका हाताने वडिलांची हनुवटी वर धरली होती आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपचं झाकण उघडत होती. घास पोटात गेल्याशिवाय हनुवटी सोडायची नाही, असं नर्सने बजावलं होतं. घास किसून उकडलेल्या कोकोयामच्या कंदाचा होता, पाम तेलात कालवलेला. बाबा तो गिळतात की गालात धरून ठेवतात, हे पाहून कळत नसे, बोटांनाच कळे.

पडद्यावर सकाळी नऊ बाराची ओळ होती. 'नामोंडो, आहेस का? दोन मिनिटं फोन करू?'

नऊ चाळीसची दुसरी. 'तुझा ठिपका हिरवा दिसला म्हणून विचारलं.'

नऊ त्रेचाळीसची तिसरी. 'आता गेला. बरं, नंतर.'

भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळचे सहा झाले होते. डब्लिनमध्ये तिची वरिष्ठ ऑर्ला आता कोट चढवून घरी निघाली असेल. नामोंडोने उत्तर लिहिलं, 'माफ कर, एका पत्रात गुंतले होते, आवाज ऐकू आला नाही.' हे उत्तर उद्या सकाळी पोहोचणार होतं. ऑर्ला ते वाचून लगेच काहीतरी विचारणार, आणि ते नामोंडोला उद्या संध्याकाळी सहाला कळणार. गेले दोन आठवडे दोघी अशा बोलत होत्या.

"गिळा, बाबा," ती म्हणाली. बाबांनी गिळलं.

बुएआत इंटरनेट बंद होऊन तेवीस दिवस झाले होते. मोर्चे सुरू झाले तसं सरकारनेच वरून बंद केलं होतं. का केलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कधी सुरू होणार हे कोणालाच नाही. साधे फोन लागत होते, रेडिओ लागत होता, डोंगरावरचे टॉवर जागच्या जागी उभे होते. खाली मुंगो नदीचा पूल ओलांडला की पलीकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखात मात्र सगळं पूर्वीसारखं चालू होतं. तिथे लोक बसल्या जागी गाणी ऐकत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

नामोंडो डब्लिनमधल्या एका कंपनीसाठी डॉक्टरांची पत्रं टाइप करायची. तिथले डॉक्टर रोगी तपासून झाला की यंत्रात बोलायचे. ते आवाज क्लाउडवर चढायचे, तिच्या लॅपटॉपमध्ये उतरायचे, आणि तिने कानाला लावून लिहिलेली पत्रं त्याच वाटेने परत जायची. 'कुठूनही काम करा, केव्हाही करा,' असं कंपनीच्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं. दोन वर्षांपूर्वी बाबांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, तेव्हा याच एका वाक्यावर विसंबून ती दुआलातली बंदराची नोकरी सोडून घरी आली होती. आई नव्हती, भाऊ समुद्रापार कुठे होता ते तोच जाणे. हे काम सुटलं तर पुन्हा दुआला, आणि मग बाबांची हनुवटी कोण धरणार?

सुरुवातीचे आठ दिवस ती स्वतःच पहाटे निघून नदीकाठच्या गावी जात होती. पलीकडच्या टॉवरची लहर त्या गावापर्यंत यायची. कोको वाळवायच्या एका छपराखाली वीसतीस जण प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने घेऊन काम करत बसायचे; खुर्चीला अमुक आणि जनरेटरला अमुक. आठव्या दिवशी ती घरी आली तेव्हा बाबा जमिनीवर होते. कधी पडले, ते सांगू शकत नव्हते. हातावर मुंग्या चढल्या होत्या आणि त्या झटकायला दुसरा हात उचलत नव्हता. त्यानंतर ती गेली नाही.

मग मोला एकेमा आले; वयाने मोठ्या पुरुषाला तिथे मोला म्हणतात. तसे ते रोजच गल्लीतून टॅक्सी घेऊन दुआलाला जायचे, साठीचे, जाड चष्म्याचे, तोंडाने अखंड चालू असलेले. पलीकडच्या शेजारणीने, एफेतीने, युक्ती काढली. मोलांची गाडी पुलापलीकडे अर्धा तास थांबतेच, उतारू तिथे भाजलेला मासा खातात. तेवढ्यात लॅपटॉप नुसता उघडून ठेवला की झालं. पत्रं आपोआप वर जातात, नवे आवाज आपोआप खाली येतात. झाकण लावायचं, संध्याकाळी परत आणायचं. एफेती मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची, तिचंही तसंच. बघता बघता पाच लॅपटॉप झाले: या दोघींचे, गल्लीतल्या बेसोंगचा, आणि मुएआ वस्तीतल्या दोघा भावांचे. प्रत्येकाच्या झाकणावर चिकटपट्टीने पासवर्डाचा कागद लावलेला. मोला ते टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटखाली सरकवायचे.

पाचही जणांनी एफेतीच्या अंगणात बसून एक गोष्ट ठरवली होती. कंपनीला ताकास तूर लागू द्यायची नाही. मोलिको भागातल्या एका मुलीने आपल्या साहेबाला खरं काय ते लिहिलं होतं; साहेबाने फार वाईट वाटल्याचं कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचं नाव यादीत नव्हतं. खात्रीची लाइन ही कामाची पहिली अट. लाइन नसलेल्या गावाला काम कोण देणार. तेव्हा उशीर झाला तर वीज गेली म्हणा, दात दुखतो म्हणा, काहीही म्हणा, पण नेटवर्क बंद आहे हे म्हणू नका.

हे मोलांना सांगायचं कोणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेताना मोलांनी विषय काढलाच.

"पोरी, तुझ्या त्या मॅडमला बाबांचं ठाऊक आहे का?"

"नाही."

"अगं, का? मी रबराच्या मळ्यात होतो तेव्हा माझा बाप अंथरुणाला खिळला. सगळ्यात आधी कुणाला सांगितलं? साहेबाला. गोरा, तापट, शिव्या देणारा. पण रजा दिली आणि वर तांदळाचं पोतं पाठवलं घरी. घरातलं दुखणं वरच्या माणसापासून लपवू नये. लपवलं की त्याला वाटतं, पोरगी कामचुकार आहे."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? साहेब तो साहेब."

नामोंडोला आत बाबांचं खोकणं ऐकू येत होतं. "तुम्हाला नाही कळायचं, मोला," ती म्हणाली. "तुम्ही फक्त झाकण उघडा आणि लावा."

मोलांनी टॉवेल नीट गुंडाळला. "उघडतो आणि लावतो," ते म्हणाले आणि गाडीत बसले. त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा दोनदा हॉर्न वाजवला नाही.

संध्याकाळी ऑर्लाचं लांबलचक पत्र आलं. तिचा सूर कधी चढत नसे. 'रागावले नाही, पण काळजी वाटते. तुझा ठिपका सकाळी अर्धा तास हिरवा होतो आणि त्याच अर्ध्या तासात तू उत्तर देत नाहीस. हृदयविभागाची सगळी पत्रं कोणाला द्यायची ते मला या आठवड्यात ठरवायचं आहे. तुझ्याइतकं नेटकं काम इथे कोणाचं नाही. शुक्रवारी तुमच्या अकरा वाजता मी फोन करेन. तेवढा घेच. नाही घेतलास तर मात्र मला दुसरा विचार करावा लागेल.'

नामोंडोने ते दोनदा वाचलं. मग कुंपणाशी जाऊन एफेतीला हाक मारली. शुक्रवारी एफेतीने बाबांपाशी बसायचं आणि नामोंडोने स्वतः मोलांच्या गाडीतून पुलापलीकडे जायचं, असं ठरलं. ऑर्लाचा साधा फोन नंबर तिच्याकडे नव्हता. दोन वर्षांत कधी गरजच पडली नव्हती.

गुरुवारी रात्री तिने निळा ब्लाउज इस्त्री करून ठेवला. काय बोलायचं ते मनात चारपाच वेळा बोलून पाहिलं.

शुक्रवारी पहाटे बाबांचं अंग तव्यासारखं तापलं होतं. श्वासाबरोबर छातीत घरघर होत होती. नर्स आली, तिने कान लावून ऐकलं. कालचा घास चुकीच्या नळीत गेला असावा, म्हणाली. इंजेक्शन दिलं. दर तासाला कूस बदलायची, डोकं उंच ठेवायचं, आणि घरच्या माणसाने जवळून हलायचं नाही. एफेती मदतीला उभी होती, पण बाबांना एकटीने वळवणं तिच्या काड्यांसारख्या हातांना झेपणारं नव्हतं, हे दोघींनाही दिसत होतं.

साडेसातला हॉर्न वाजला. नामोंडो निळ्या ब्लाउजवर जुनी लुंगी गुंडाळून उभी होती. तिने घाईघाईने लॅपटॉपवर लिहिलं, 'ऑर्ला, घसा पार बसला आहे, आवाजच फुटत नाही. आज फोनऐवजी लिहून बोललं तर चालेल का?' आणि झाकण लावलं.

"येत नाहीस?" मोलांनी विचारलं.

"बाबांना ताप आहे. मोला, नीट ऐका. आज साडेदहाच्या आत उघडायचं आणि अकराच्या आत बंद करायचं. अकरा वाजले तर उघडूच नका."

"साडेदहा ते अकरा."

"काहीही वाजलं, काहीही दिसलं, तरी हात लावायचा नाही."

मोलांनी खिडकीतून आत पाहिलं. बाबा उशांवर टेकून होते, तोंड उघडं. दोघे एके काळी एकाच फुटबॉल संघात खेळलेले. मोलांनी चष्मा काढून पुसला, पाचवा टॉवेल सीटखाली सरकवला आणि गेले.

दिवस सरता सरत नव्हता. दहाला तिने कूस बदलली. अकराला बदलली आणि घड्याळाकडे पाठ करून बसली. आता फोन वाजला असेल. किंवा झाकण लागलेलं असेल आणि ऑर्लाच्या पडद्यावर करडा ठिपका असेल. किंवा घशाचं खोटं तिला पटलं असेल आणि ती म्हणाली असेल, बरं, लिहून सांग. या तिन्हींपैकी काय झालं ते कधीचंच होऊन गेलेलं असणार आणि आपल्याला सर्वांच्या शेवटी कळणार, या विचाराने तिला चीड आली. चीड कोणावर काढायची तेही समजेना. दुपारी ताप थोडा उतरला. तिने मोलांसाठी एरूची पालेभाजी केली, कसाव्याच्या पिठाचा फुफू मळला. आज त्यांना उपाशी जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या हातात होतं.

सहाला गाडी आली आणि हॉर्न चारदा वाजला. मोला आत आले ते हसतच. लॅपटॉप त्यांनी टेबलावर ठेवला, हात धुतले, बाबांच्या खांद्यावर थोपटलं आणि जेवायला बसले.

"आधी बसून घे," ते म्हणाले. "तिको नाक्यावर आज तासभर अडवलं. सगळ्यांना उतरवलं, ओळखपत्रं, पिशव्या, सगळं. पोलीस विचारतो, पाच कॉम्प्युटर कशाला? म्हटलं, दुरुस्तीला नेतोय, पाचही आजारी आहेत. पूल ओलांडला तेव्हा अकराला पाच मिनिटं."

"मग उघडलंत?"

"नाही उघडला तर पत्रं जाणार कशी? पाचही बाकावर ओळीने मांडले. मासेवाली फ्रेंचमध्ये विचारते, कितीला देतोस एक? मी म्हटलं, तुला परवडायची नाही ही पोरं." त्यांनी फुफूचा गोळा एरूत बुडवला. "आणि तुझा वाजायला लागला. हात लावला नाही हो मी. वाजला, थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला राहवेना. एक माणूस तीनतीनदा हाक मारतंय आणि आपण मासा खात बसायचं? हिरवं बटण होतं, दाबलं. तर समोर बाई."

नामोंडो टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"लाल केस. माझ्याहून जास्त तीच दचकली. म्हणे, नामोंडो कुठे आहे? तुम्ही कोण? म्हटलं, मी एकेमा, टॅक्सी चालवतो. आणि सांगितलं सगळं. की मॅडम, आमच्या गावात महिनाभर लाइन नाही. पोरीचा बाप अंथरुणावर आहे, अर्धं अंग गेलंय, आज तर तापाने फणफणलाय. ती त्याला सोडून कशी येणार? म्हणून तुमचं काम मी रोज नेतो-आणतो. पोरगी लाजाळू आहे, सांगायची नाही, पण रात्र रात्र जागून तुमची पत्रं लिहिते." मोलांनी पाण्याचा घोट घेतला. "बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, नामोंडो. खरंच सांगतो. म्हणाली, मला काहीच कल्पना नव्हती. म्हणाली, तिला सांगा, काही काळजी करू नकोस. बाबांपाशी बस. मी सगळं बघून घेते. माझा तो गोरा साहेब काहीच नाही, मी म्हटलं मनात, ही तर देवमाणूस. तांदूळ नाही पाठवता येणार तिला इतक्या लांबून, पण मन बघ."

नामोंडोने लॅपटॉप ओढून घेतला. रोज संध्याकाळी उजव्या कोपऱ्यात नव्या आवाजांची रांग असायची. आज तिथे काही नव्हतं. जुनी पत्रंही नव्हती. फोल्डरवर बोट ठेवलं तर आपल्याला इथे प्रवेश नाही, असं एक चौकोनी उत्तर आलं. सगळ्यात वर ऑर्लाचं पत्र होतं.

'प्रिय नामोंडो, तू हे आधीच सांगायला हवं होतंस. घर सगळ्यात आधी. तुला कोणी त्रास देऊ नये म्हणून तुझं खातं आम्ही आजच थांबवलं आहे, आणि हृदयविभाग दुसऱ्या बाईंकडे दिला आहे. रोग्यांची पत्रं रस्त्यावरच्या बाकावर उघडी राहणं आम्हाला चालणारं नाही, हे तू समजशील. तुमच्याकडची लाइन सुरू झाली आणि वडील बरे झाले की अवश्य लिही. तेव्हा जागा असेल तर बघू. घसा बरा होऊ दे. ऑर्ला.'

वडील बरे झाले की. नामोंडोने त्या चार शब्दांवरून नजर फिरवली आणि मग बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच पाहत होते. त्यांना कळत सगळं होतं.

ताट उचलून भिंतीवर फेकावं असं तिला वाटलं. या बडबड्या म्हाताऱ्याला दंडाला धरून दाराबाहेर काढावं असं वाटलं. पण मोला तिच्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे, आणि बोटांवरचं तेल चाटायचंही विसरले होते. झाकण उघडा आणि लावा, असं त्यांना सांगणारी आपणच. का ते सांगितलं असतं, तर दोन मिनिटं लागली असती.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "रजा दिली ना?"

"दिली," नामोंडो म्हणाली.

"किती दिवसांची?"

"मोठी आहे."

"बघ. मी म्हणत नव्हतो?" मोला मनापासून हसले. "तू उगीच भीत होतीस."

तिने त्यांच्या ताटात आणखी एरू वाढली.

"मग मी विचार केला," मोला जेवता जेवता म्हणाले, "एका नामोंडोचंच का? बाकीच्यांनी कुणाचं घोडं मारलंय?"

डाव तिच्या हातात तसाच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे काय? पाचही उघडेच होते की समोर. एफेतीच्या मालकाला लिहिलं. बेसोंगच्याला लिहिलं. मुएआच्या दोघा भावांचा मालक एकच निघाला, तेवढं काम वाचलं. एकेका अक्षराला बोट शोधत लिहायचं, मासा गार झाला, उतारू शिव्या घालायला लागले. म्हटलं, घाला. तेच लिहिलं सगळ्यांना. की साहेब, इथे लाइन नाही, पोरं गुणी आहेत, तोंडाने सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो."

नामोंडो खाली बसली.

"दोघांची उत्तरं तर मी निघायच्या आत आली," मोला म्हणाले. "मी वाचली नाहीत हो. दुसऱ्याची पत्रं कशाला वाचायची? पण इतक्या लगेच आली, म्हणजे भलीच माणसं असणार."

त्यांनी ताट पुसून घेतलं, पाणी प्यायले, हात धुतले. तिने पैसे पुढे केले तर घेतले नाहीत; आज आनंदाचा दिवस आहे, म्हणाले. जाताना बाबांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप उतरलाय, त्यांनी सांगितलं.

गाडीचं दार लागलं. नामोंडोने फोन हातात घेतला. एफेतीचा नंबर सगळ्यात वर होता. साधा फोन लागत होता, पहिल्या घंटीला तिने उचललाही असता. पण जे सकाळी साडेअकरालाच होऊन गेलं, त्याबद्दल आता तिला काय सांगायचं? बेसोंगला काय सांगायचं? अंगठा नंबरावर ठेवून ती तशीच बसून राहिली. बाबांनी डावा हात चादरीवरून सरकवत तिच्या मनगटाशी आणला.

गाडी फार लांब गेलीच नाही. कुंपणापलीकडे थांबली आणि हॉर्न चारदा वाजला.

"एफेती, बाहेर ये गं," मोलांचा आवाज आला. "आज तुझ्यासाठी फार चांगली बातमी आणलीय."

फाटकाकडे धावणाऱ्या चपलांचा फटफट आवाज नामोंडोला ऐकू आला.